तंबूला शेजार हवा

भंडारदऱ्याला तंबू ठोकायला निघालेल्या माणसाच्या अटी ऐकायला अगदी साध्या असतात. जागा पाण्याच्या काठावर हवी, पण तिथे दुसरं कुणी नको. रस्त्यापासून लांब हवी, पण गाडी तंबूपर्यंत गेली पाहिजे. वीज नको, कारण विजेला कंटाळूनच तर आलो. फक्त मोबाइल चार्ज करायला एखादा पॉइंट असला तर बरं. रेंज नको, म्हणजे ऑफिसला तसं सांगता येतं. घरच्यांचा फोन मात्र लागायला हवा. जेवण चुलीवरचं हवं, चूल दुसऱ्याने पेटवायला हवी, आणि पेटवून झाल्यावर त्या दुसऱ्याने नजरेआड व्हायला हवं. या अटींवर हसणं सोपं आहे आणि सगळेच हसतात, खुद्द अट घालणाराही. पण त्यातल्या एका अटीला कुणी हसत नाही. ती अट म्हणजे जागा निर्मनुष्य हवी. आजूबाजूला माणूस नसला की शांतता आपोआप येते, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या नावाजलेल्या तलावाकाठी ज्याला रात्री शांत झोप हवी, त्याने निर्मनुष्य जागेच्या नादी लागू नये. त्याने अशी जागा शोधावी जिथे रात्री सव्वादहा वाजता एखादी म्हातारी ओट्यावर येऊन "ए पोरांनो, गुरं बुजत्यात, बंद करा ते" असं ओरडू शकेल. ती म्हातारी ओरडेलच असं नाही. तिला ओरडता येतं एवढी माहिती काठावर सगळ्यांना असली की काम होतं.

आधी जागा पाहू. प्रवरा नदी रतनगडावरून उतरते आणि थोडं अंतर गेली न गेली तोच तिला अडवलेलं आहे. हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्यामागे साठलेल्या पाण्याला कागदोपत्री ऑर्थर लेक म्हणतात. बाकी सगळं जग भंडारदराच म्हणतं. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनगड, पलीकडे घाटघरचा कडा आणि त्याच्या पायथ्याशी एकदम कोकण. तलावाला वळसा घालणारा एक रस्ता आहे. शेंडीहून निघालं की मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं घेत तो परत शेंडीला येतो. ही नावं मुद्दाम सगळी लिहिली, कारण 'निर्मनुष्य' म्हणून शोधला जाणारा हा काठ प्रत्यक्षात गावांनी वेढलेला आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या इथे पर्यटक ही जमात निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. शिवाय हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे. म्हणजे जिथे शेत संपतं तिथे वनखातं सुरू होतं, वनखातं संपतं तिथे पाटबंधारे खातं, आणि पाटबंधारे खात्याची हद्द पाण्यात उतरते. मधे कुठेही 'कुणाचीच नसलेली' अशी टीचभर जागा नकाशावर सापडत नाही.

विजेच्या बाबतीत तर इथली गंमत आणखी मोठी आहे. ज्या मुलखात लोक तारांपासून सुटका मागायला येतात, त्याच मुलखात, घाटघरला, २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. राज्यात विजेची मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी वर चढवतो, मागणी वाढली की तेच पाणी चारशे मीटरहून जास्त उंचीवरून कोकणाच्या बाजूला सोडून वीज करतो. वीजघर डोंगराच्या पोटात आहे, त्यामुळे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल पर्यटकाची तक्रार नसते. तलाव म्हणून आपण ज्याला निसर्ग समजतो तोही बांधलेलाच आहे. भंडारदरा, पवना, मुळशी, पानशेत, कोयना: सह्याद्रीत ज्या ज्या पाण्याकाठी तंबू लागतात ते बहुतेक पाणी धरणाचं आहे, आणि त्याखाली कुणाची तरी जमीन आहे. मुळशीच्या मावळ्यांनी ती जाऊ नये म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभं राहून सत्याग्रह केला होता. शंभर वर्षांनी त्यांच्या पणतवंडांना विचारलं जातं, "इथे मोकळी जागा कुठे आहे?"

मोकळी जागा म्हणून जी दाखवली जाते ती बहुतेक वेळा भाताचं खाचर असतं. डोंगरउतारावर तंबूला लागेल इतकी सपाटी देवाने फारशी ठेवलेली नाही; जी आहे ती कुणीतरी पिढ्यानपिढ्या बांध घालून केलेली आहे. कापणी झाली की खाचर रिकामं दिसतं. रिकामं म्हणजे बिनमालकाचं, असा शहरी हिशेब. तंबूवाला मेख ठोकायला जातो तेव्हा वाळलेली चिकणमाती मेख आत घेत नाही. मग तो बांधाकडे वळतो, कारण बांध भुसभुशीत असतो. बांध भुसभुशीत असतो कारण तो दरवर्षी हाताने थापावा लागतो. चार तंबूंच्या सोळा मेखा बांधात गेल्या की पुढच्या आवणीला पाणी कुठून झिरपतं याचा शोध घेत मालक चिखलात उभा राहतो. इकडे तंबूत, पातळ चटईतून भाताची धसकटं पाठीला टोचत असतात, ती मला या सगळ्या व्यवहारातली एकमेव न्याय्य गोष्ट वाटते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काठाची पट्टी हे दुसरं आवडतं ठिकाण. तिला समुद्रकिनाऱ्याचा भाव येतो. पण ती जमीन पाटबंधारे खात्याची असते, आणि राज्यातल्या कितीतरी धरणांवर ती गाळपेर म्हणून शेतकऱ्यांना हंगामापुरती कसायला दिली जाते. म्हणजे तिथेही कुणाचा तरी हरभरा ठरलेला असू शकतो.

हे झालं कुणाची जमीन आहे त्याबद्दल. आता आवाजाकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. निर्मनुष्य जागा दोन प्रकारचे लोक शोधतात. एक, ज्यांना कुणाचा आवाज नको असतो. दुसरे, ज्यांना आपल्या आवाजाबद्दल कुणी काही बोलायला नको असतं. दोघांची अट शब्दशः एकच, म्हणून दोघं एकाच काठावर येऊन पोचतात. फक्त दुसऱ्यांची गाडी मोठी असते आणि तिच्या डिकीत स्पीकर असतो. पहिला माणूस शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पोचतो, पाण्याकडे तोंड करून खुर्ची मांडतो, चहा घेतो, आणि 'बघा, कुणी नाही' असं बायकोला सांगतो. दुसरा साडेसातला पोचतो आणि नेमकं हेच वाक्य आपल्या मित्रांना सांगतो. जागा जितकी निर्जन, तितकी ती दुसऱ्या प्रकाराला प्रिय, कारण वस्तीजवळ त्याला लाज वाटते. लाज हा शब्द मी जपून वापरतो आहे. रात्री बारा वाजता कोलटेंभ्याच्या एखाद्या घराच्या अंगणात उभं राहून, आत मुलं झोपलेली असताना, जोरात गाणी लावणारा माणूस विरळा; त्याच घरापासून दोन वळणं पुढे गेल्यावर तसं करणारे पैशाला पासरी.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून लोणावळ्याच्या पाठीमागचं पवना धरण घ्या. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले भोवती उभे आहेत. जागा म्हणून मागायचं काही बाकी नाही. 'गजबजाटापासून दूर' म्हणूनच तिथले तंबू सुरू झाले आणि विकले गेले. आज शनिवारी रात्री तिथे तंबूला तंबू लागलेले असतात, प्रत्येक तंबूनगराचा आपला गिटारवाला असतो, आणि शेजारच्या गिटारवाल्यावर मात करण्यासाठी त्याला आपला आवाज वाढवावा लागतो. 'बार्बेक्यू, अनलिमिटेड जेवण, लाइव्ह म्युझिक आणि निसर्गाच्या कुशीत निवांतपणा' असं एका दमात लिहिणारी जाहिरात वाचून कुणाला अडखळल्यासारखं होत नाही. पण पवनेला गर्दी झाली म्हणून गोंगाट झाला, हे निदान मला अपुरं वाटतं. गर्दी तर आषाढीला पंढरपुरातही असते आणि तिथे कुणी कुणाला 'आवाज किती' म्हणून विचारत नाही, कारण तिथे कुणी शांतता विकतही नाही. पवनेत झालं असं की रात्री काठावर असलेला जवळजवळ प्रत्येक जण एका रात्रीचा पाहुणा असतो. उद्या सकाळी अकराला सगळे जाणार. ज्याला उद्याही तिथेच राहायचं आहे असा माणूस त्या काठावर अल्पसंख्य झाला, आणि तो जो उरला तो तंबूंचा व्यवस्थापक झाला. मग गिऱ्हाइकाला गप्प कोण करणार?

यावर चतुर मंडळी म्हणतात, मग आपण पलीकडच्या काठावर जाऊ, मधे पाणी आहे ना. ही समजूत पदार्थविज्ञानाला मान्य नाही. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची गार असते, आणि आवाज गार हवेच्या बाजूला वाकतो, म्हणून दिवसा तो वर निघून जातो. रात्री गार हवा दरीच्या तळाशी साचते, उबदार हवा वर राहते; आता आवाज खाली वाकतो. खाली काय, तर सपाट पाणी. ते आवाज शोषत नाही, पुढे ढकलतं. त्यात तिन्ही बाजूंना कडे. म्हणजे झाडीत, उतारावर, पाण्यापासून लांब असलेल्या जागेपेक्षा पाण्यासमोरची जागा रात्री जास्त ऐकते, आणि आपण जादा पैसे मोजून पाण्यासमोरची जागा घेतो. आणखी एक बारकावा असा की हवेतून लांब जाताना बारीक, उंच स्वर आधी विरतात आणि जाड, खालचे स्वर टिकतात. त्यामुळे पैलतीरावरून गाणं येत नाही, गायक येत नाही, शब्द तर नाहीच. फक्त धप, धप, धप एवढं येतं. कोणतं गाणं चालू आहे हे कळलं असतं तर माणसाने निदान मनातल्या मनात म्हटलं असतं.

मग कायदा? आहे की. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा सार्वजनिक जागी लाउडस्पीकरला बंदी आहे, मुंबईत आहे तशीच मुतखेलमध्येही. अधिकृत शांतता क्षेत्रही याच नियमांत आहे: दवाखाने, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तंबू ठोकायला आदर्श जागा म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचं आवार. पण या नियमांतली मला सगळ्यात बोलकी वाटते ती तक्रारीची तरतूद. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वाढला तर माणसाला तक्रार करता येते, असं त्यात म्हटलं आहे. बघा, कायदा करणाऱ्यांनीही तिथे कुणीतरी ऐकणारा असेल हे धरूनच चाललं आहे. निर्मनुष्य काठावर तक्रार करणार कोण? ठाण्याहून आलेला, रात्री एक वाजता, रेंज नसलेल्या जागी, स्वतः अभयारण्यात विनापरवाना तंबू ठोकून बसलेला माणूस? त्याने फोन केलाच तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल, आणि वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, म्हणजे ध्वनीच्या नियमांपेक्षा वयाने मोठा.

आता आक्षेप घेऊ, कारण ते येणारच आणि काही खरे आहेत. पहिला आक्षेप असा की गाव कसलं शांत? पहाटे चारला कोंबडा, त्याआधी कुत्री, सप्ताह असेल तर माइकवरून हरिपाठ, लग्नसराईत डीजे, आणि बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या खेळाच्या, रात्री तर गावच झोपत नाही. हे सगळं मान्य. एवढंच नाही, जूनमध्ये बेडूकही आहेत, त्यांना वस्तीची गरज नसते. पण गावच्या आवाजात आणि काठावरच्या आवाजात एक फरक आहे: गावच्या आवाजाला तारीख असते आणि शेवट असतो. लग्न कधी आहे ते महिनाभर आधी सांगता येतं. सप्ताह सात दिवसांत संपतो, नावातच लिहिलेलं आहे. कोंबडा उजाडल्यावर आपला विषय सोडतो. शिवाय या प्रत्येक आवाजाचा मालक माहीत असतो, आणि माहीत असलेल्या माणसाला 'दादा, जरा कमी करता का' असं म्हणता येतं. तलावाकाठच्या अंधारातल्या स्पीकरला दादा म्हणावं की साहेब म्हणावं हे ठरवण्यातच रात्र जाते. आणि बोहाड्याच्या रात्री तिथे पोचलेल्याने झोपेची तक्रार करणं म्हणजे निव्वळ करंटेपणा. त्याने उठून जाऊन सोंगं बघावीत.

दुसरा आक्षेप गुप्त जागांच्या भक्तांचा. अशी एक जागा आहे, ते म्हणतात, जी कुणालाच माहीत नाही. 'कुणालाच' यात त्या रानातून रोज गुरं नेणारा पोरगा आणि सरपण आणणाऱ्या बाया मोजलेल्या नसतात, पण ते सोडून देऊ. अशा जागेचं आयुष्य किती? ज्याला ती सापडली त्याला ती आवडते, आवडली की फोटो काढावासा वाटतो, फोटो काढला की टाकावासा वाटतो, आणि खाली 'जागा सांगणार नाही' असं लिहिलं की शंभर जण मागे लागतात. मागे डोंगर ओळखीचा असला तर विचारण्याचीही गरज पडत नाही. रतनगडाचं नेढं फोटोत आलं की अर्धा पत्ता लिहूनच झाला. माणसाने तोंड मिटलं तरी नकाशात खूण टाकणारा कुणीतरी निघतोच. गुप्तता म्हणजे सगळ्यांनी गप्प राहण्यावर उभी असलेली शांतता, आणि आपल्याकडे सगळे गप्प राहतील यावर योजना आखणाऱ्याच्या धाडसाला नमस्कारच केला पाहिजे.

तिसरा आक्षेप परदेशातून येतो. नॉर्वेत नोकरीला असलेला एखादा भाचा सुट्टीवर आला की सांगतो, तिकडे कुणीही कुठेही तंबू टाकतो, जमिनीवर सगळ्यांचा हक्क आहे, आणि काय शांत असतं! भाचा खोटं बोलत नाही, पण कायदा अर्धाच सांगतो. नॉर्वेचा १९५७ चा कायदा मोकळ्या रानात तंबू टाकू देतो. तिथेही राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब, आणि मालकाला न विचारता साधारणपणे दोन दिवसांच्या वर नाही. लागवडीच्या जमिनीला ही मोकळीक नाही. म्हणजे मुरशेतचं खाचर नॉर्वेजियन कायद्यानेही मिळत नाही. आता लोकसंख्या बघा. नॉर्वेत चौरस किलोमीटरला पंधराच्या आसपास माणसं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ३६५. इथे एका घरापासून १५० मीटर लांब जायला निघालेला माणूस दुसऱ्या घराच्या गोठ्यात पोचतो. आणि मुख्य म्हणजे, तिकडची शांतता मोकळ्या रानाने राखलेली आहे असं भाच्याला वाटतं, तिथेच तो चुकतो. ती राखली आहे रात्री आवाज करणाऱ्याकडे नुसतं बघणाऱ्या लोकांनी. भाच्याला विचारा, तिकडे कचरा चुकीच्या डब्यात टाकल्यावर शेजारीण काय म्हणाली होती.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे, त्याला उत्तर देताना थोडं नमतं घ्यावं लागेल. मंगळवारी जा, असं अनुभवी लोक सांगतात. मंगळवारी, किंवा जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, भंडारदऱ्याचा कुठलाही काठ शांत असतो, म्हातारी असो वा नसो. खरं आहे. ज्याला मंगळवारी रजा मिळते त्याने हा लेख इथेच मिटावा. पण ज्याच्या शनिवार-रविवारव्यतिरिक्त कुणी सुट्ट्या ठेवलेल्या नाहीत, त्याला हा सल्ला म्हणजे भुकेल्याला जेवणाआधी खाऊन घे म्हणण्यासारखा आहे. शिवाय मंगळवार ही काही त्या काठाची गुणवत्ता नव्हे. अधिकाधिक लोक मंगळवारी घरून काम करायला लागले की काठावरूनही करतील, आणि मग तिथे मीटिंगा ऐकू येतील. गोंगाटात मीटिंग हा प्रकार स्पीकरपेक्षा वाईट, कारण त्यात एकाच बाजूचं बोलणं कळतं.

उलट, ज्या जागा वर्षानुवर्षं टिकल्या त्या बघितल्या तर प्रत्येक ठिकाणी माणूस सापडतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. ते सगळ्यात जुनं, सगळ्यात गर्द रान दुर्गम होतं म्हणून राहिलेलं नव्हतं. कित्येक राया गावाला चिकटून होत्या. त्या राहिल्या कारण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की इथली काटकीसुद्धा उचलायची नाही, आणि उचलली तर कोण विचारेल हेही ठाऊक होतं. देव तर विचारेलच, पण त्याआधी पुजारी. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच्यामागे अख्खं राज्य गेलं. तिथे भोवतालच्या गावांच्या समित्या पावती फाडायला बसल्या, आणि दिवसाकाठी ३,००० माणसांची मर्यादा आली. पर्यटकांनी पावतीबद्दल कुरकुर केली, अजूनही करतात. फुलांनी केली नाही.

भंडारदऱ्याचंच उदाहरण हवं असेल तर मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे काजवे आहेत. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर लाखोंनी काजवे लुकलुकतात, कधी कधी अख्खं झाड एका लयीत. हे सगळं लग्न जमवण्यासाठी चाललेलं असतं: नर उजेडाने हाक मारतो, मादी उजेडाने उत्तर देते. मुंबई-नाशिकहून गाड्यांची रांग हे बघायला येते आणि गाडीचे मोठे दिवे झाडावर टाकते. त्या दिव्यापुढे काजव्याची काय कथा. मांडवात दहा हजार वॉटचा झोत नवरीच्या डोळ्यांवर सोडून 'पसंत आहे का?' विचारण्यातला प्रकार. वनखात्याने शुल्क लावलं, रात्रीच्या वेळा बांधल्या, तरी खात्याची माणसं किती आणि झाडं किती. अशा रात्री कुठल्या झाडाखाली अंधार टिकतो? ज्याच्या वाटेवर गावचा पोरगा शिट्टी घेऊन उभा असतो आणि 'दिवे बंद, मोबाइल खिशात, ओ ताई, फ्लॅश नाय मारायचा' असं न दमता सांगत राहतो, त्या झाडाखाली. ज्या वळणावर पोरगा नाही तिथे लोक झाड हलवून बघतात, काजवे उडतात का म्हणून.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सहसा चढ्या आवाजात घेतला जातो. रात्रभर झोपायचे पैसे कसले? आकाश काय त्यांच्या बापाचं आहे? आकाश नाही. खाचर मात्र आहे, आणि ते शब्दशः बापाचं आहे, सातबाऱ्यावर नाव बघता येईल. पण पैसे खाचराचे आहेत असंही मी म्हणणार नाही. गावातल्या कुटुंबाच्या अंगणात किंवा खालच्या शेतात तंबू टाकला, त्यांना भाकरी-पिठल्याचे, पाण्याचे आणि जागेचे पैसे दिले, की त्या बदल्यात मिळते ती वस्तू पावतीवर येत नाही. त्या रात्रीपुरते तुम्ही 'आमच्याकडचे पाहुणे' होता. मग शेजारच्या खाचरात कुणी स्पीकर लावला तर तो बंद करायला तुम्हाला उठावं लागत नाही. घरधनी चप्पल घालतो, विजेरी घेतो आणि शांतपणे जाऊन येतो. तो काय बोलला हे विचारू नये. बंद झालं ना? याचा दुसरा भाग असा की तुमचा स्पीकरही तोच बंद करतो, आणि तेव्हाही तो तसाच शांत असतो. हे दुसरं कलम मान्य नसलेल्यांना पहिल्याचा लाभ मिळत नाही.

म्हणून फोनवर विचारायचे प्रश्न बदलावे लागतील. तंबू वॉटरप्रूफ आहे का, बार्बेक्यूत पनीर किती, सेल्फी पॉइंट किती लांब, हे राहू द्या. विचारा, तंबूपासून राहतं घर किती अंतरावर आहे? त्या घरात म्हातारं माणूस आहे का, आणि त्याची झोप कशी आहे? गुरं आहेत का? घरात दहावीचं पोर आहे का? दहावीचं पोर मार्चपर्यंत चालतं आणि त्या काळात त्याच्यासारखा पहारेकरी नाही. त्याच्या आईपुढे भलेभले डीजेवाले नमले आहेत. शंभर-दीडशे पावलं हे अंतर चांगलं: त्यांना तुमचा स्पीकर ऐकू जाईल इतकं जवळ, तुमचं घोरणं ऐकू जाणार नाही इतकं लांब. समोरचा माणूस या प्रश्नांनी थोडा गोंधळेल, स्थळ बघायला आलात की काय असं त्याला वाटेल. त्याने 'साहेब, आमच्या आजीला नऊ वाजता झोपायचं असतं, चालेल का?' असा उलटा प्रश्न केला तर तिथल्या तिथे आगाऊ रक्कम पाठवावी. आणि त्याने उत्साहाने 'काय काळजी करू नका, आजूबाजूला कुणी नाही, रात्रभर काय पण करा, कुणी बोलणार नाही' असं सांगितलं, तर त्याचे आभार मानून सरळ पवनेला जावं. तिथे निदान पार्किंग आहे.